माणदेशातील जमीन : पाणी, कागद आणि वारस

माणदेशाचे नाव शहरातील माणसाने बहुधा दोन निमित्तांनी ऐकलेले असते. एक दुष्काळ आणि दुसरे खिलार बैल. ज्यांना वाचनाची गोडी आहे त्यांना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आठवते. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीतील धनगरांचे गाव अखेरीस दुष्काळाने उठून जाते, आणि माणदेश म्हणजे उठून गेलेले गाव, असे एक चित्र वाचकाच्या मनावर कायमचे ठसते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. उठून जाणारा माणूस मेंढरे बरोबर नेतो, भांडीकुंडी नेतो, पोरेबाळे नेतो. जमीन मात्र नेता येत नाही. ती मागे राहते आणि तिच्या उताऱ्यावर कोणाचे तरी नाव राहते. त्या नावाचे पुढे काय होते आणि त्या जमिनीला पुढे काय मोल येते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा प्रश्न केवळ खेड्यात राहणाऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. सातारा, सांगली, पुणे, मुंबई येथे नोकरी-धंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या कितीतरी घरांची मुळे माण, खटाव, आटपाडी, सांगोला या भागात आहेत. आजोबांच्या नावावर चार-सहा एकर आहेत, एवढेच त्यांना ठाऊक असते. ती कोठे आहेत, कोण कसतो, उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, हे विचारले तर उत्तर येते, "गावी चुलते पाहतात." आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, माणदेशात जमिनीचे मोल पाण्याने ठरते आणि तिची मालकी कागदाने टिकते. पाणी नव्हते तोवर कागदाकडे पाहण्याची कोणाला निकड वाटली नाही. आता पाणी हळूहळू येऊ लागले आहे. अशा वेळी ज्याचा कागद अपुरा, त्याची जमीन मोल येण्याच्या क्षणीच हातची जाण्याचा संभव आहे.

पाण्याची कथा

प्रथम भूगोल पाहू. एकाच सातारा जिल्ह्यात पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर घुटमळतो. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि माणदेश त्या डोंगराच्या पर्जन्यछायेत सापडतो. शंभूमहादेवाच्या डोंगररांगेत उगम पावणारी माणगंगा दहिवडी, म्हसवडवरून आटपाडी, सांगोल्याकडे उतरते आणि शेवटी भीमेला मिळते. वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. जमीन बहुतेक मुरमाड व हलकी. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा ही येथली जिरायत पिके. ओढ्याकाठची काळी पट्टी सोडली तर बाकी सारा माळ मेंढरांच्या हवाली.

म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव या कथेतले एक बोलके पान आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी इंग्रज सरकारने माण नदीवर हा तलाव हाती घेतला. बांध माणदेशातल्या हातांनी घातला. पण पाण्याचा ओघ उताराकडे, त्यामुळे लाभ मुख्यत्वे खालच्या आटपाडी-सांगोल्याकडील जमिनींस झाला. ज्याच्या उशाशी तलाव त्याच्या घशाला कोरड, हा अनुभव वरच्या गावांना पिढ्यान्पिढ्या आला. जमीन तलावापासून किती कोसांवर आहे यापेक्षा ती कालव्याच्या वर आहे की खाली, यावर तिचे मोल ठरते, हे म्हसवडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पुढे कृष्णेच्या पाण्याचा प्रश्न आला. बच्छावत लवादाने १९७६ साली दिलेल्या अंतिम निवाड्यात कृष्णेच्या २०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी ५६० अब्ज घनफूट महाराष्ट्राच्या वाट्यास आले. हे पाणी अडवून वापरण्यासाठी १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. नदी खाली आणि माणदेश वर, म्हणून येथे पाणी आणायचे तर ते उचलूनच आणावे लागते. कराडजवळ टेंभू येथून उचललेले पाणी आटपाडी-सांगोल्याकडे जाते. उरमोडी धरणाचे पाणी खटाव-माणकडे वळवले आहे. आणि जिहे-कठापूरहून उचललेले कृष्णेचे पाणी खटावमधील नेर तलावात व तेथून माणमधील आंधळी धरणाकडे नेण्याची योजना आहे. उचललेले पाणी विजेवर अवलंबून, म्हणून ते महाग आणि पाळीपाळीने मिळणारे असते. तरीसुद्धा ज्या ओढ्यात ते सोडले जाते त्याच्या दोन्ही काठच्या विहिरी भरतात, आणि विहीर भरली की एकराचा भाव बदलतो.

हे पाणी कोणाला, हा प्रश्न आटपाडीच्या पाणी परिषदांनी १९९३ पासून लावून धरला. नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या चळवळीची मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची. पाणी केवळ जमिनीच्या प्रमाणात न देता दर कुटुंबाला द्यावे, भूमिहीनालाही त्यात हक्क असावा, असे तिचे म्हणणे होते. मोठ्या योजनांची वाट न पाहता गावाने गावातलेच पाणी अडवावे, हा दुसरा मार्ग. एक हेक्टर जमिनीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी पडते. पाचशे मिलिमीटरला पन्नास लाख लिटर. अर्थात हलक्या जमिनीतून त्यातले पुष्कळसे वाहून जाते. ते थोपवण्यासाठी माण तालुक्यातील टाकेवाडी गावाने श्रमदान केले आणि २०१८ सालच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. अशा गावातील जमीन आणि शेजारच्या कोरड्या गावातील जमीन यांची मोजणी सारखी असली, तरी किंमत सारखी राहत नाही.

गेलेली माणसे, राहिलेली नावे

माणदेशाने माणसे बाहेर पाठवली ती या कोरडेपणामुळेच. मुंबईच्या गिरण्यांत या भागातील पुष्कळ माणसे होती; गावची चूल त्यांच्या मनीऑर्डरीवर पेटे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो आधार तुटला. विटा-खानापूर-आटपाडी भागातील तरुण सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यात शिरले आणि गलाई कामगार म्हणून भारतभरच्या शहरांत पसरले. धनगर मेंढरे घेऊन पावसाच्या मागे फिरत राहिला. मागे राहिल्या त्या बायका आणि म्हातारी माणसे. शेत राखले त्यांनी, जनावरे जगवली त्यांनी. २०१२ च्या दुष्काळात म्हसवड येथे चारा छावणी पडली तेव्हा जनावरांबरोबर मुक्कामाला आलेल्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. उताऱ्यावर मात्र त्यांचे नाव क्वचितच सापडते.

याच म्हसवड गावात १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेच्या परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्त्रियांनी अक्षरे गिरवली, पुन्हा अर्ज केला आणि परवाना मिळवला. रोजंदारीतून वाचवलेले वीस रुपये स्वतःच्या नावावर असावेत, एवढीच मूळ इच्छा होती. पैशाच्या बाबतीत जी गोष्ट त्यांनी ओळखली, तीच जमिनीच्या बाबतीत ओळखण्याची आता वेळ आली आहे.

सात-बारा काय सांगतो

आता कागदाकडे वळू. जमिनीचा 'सात-बारा' हा दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. त्यात भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादारांची नावे आणि इतर हक्क असतात. नमुना बारा ही पिकांची नोंद. २०२१ पासून ती शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवरून स्वतः भरता येते. कोणताही बदल प्रथम नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो. ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात तो तलाठी नोंद लिहितो, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या पंधरा दिवसांची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते. मुंबईस राहणाऱ्या भावाला तिचा पत्ताही लागत नाही आणि त्याचे नाव नसलेली वारसनोंद कायम होऊन बसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सात-बारावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली, असे होत नाही. ती नोंद मुख्यतः सरकारी महसुलासाठी असते. उलट पुरावा येईपर्यंत ती खरी मानली जाते, एवढाच तिचा अर्थ. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखताने, वाटणीने किंवा वारसाहक्काने. इसारपावती व साठेखत हे विक्रीचे केवळ करार होत. त्यांनी जमीन खरेदीदाराची होत नाही. नुसत्या नोटरीच्या कागदावर पैसे मोजणारे शहाणे म्हणवणारे लोकही आम्ही पाहिले आहेत.

उताऱ्यावर 'वर्ग १' की 'वर्ग २' हेही पाहावे लागते. वर्ग १ ची जमीन मोकळेपणी विकता येते. वर्ग २ ची, म्हणजे शासनाकडून शर्तीवर मिळालेली किंवा वतने खालसा झाल्यावर नव्या शर्तीने परत दिलेली जमीन, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. देवस्थान इनामाची जमीन तर सहसा विकताच येत नाही. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वये जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून शहरातल्या ज्या गृहस्थाला वडिलोपार्जित शेतीतले आपले नाव 'कशाला हवे' असे वाटते, त्याने लक्षात ठेवावे की तेच नाव त्याच्या मुलाला शेतकरी ठरवणारे असू शकते.

विहिरीची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. माणदेशात एका विहिरीवर चार भावकींची पाळी असते. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, हे तोंडी चालत आलेले असते. हा हिस्सा 'इतर हक्क' या रकान्यात नोंदलेला नसला आणि खरेदीखतात लिहिलेला नसला, तर घेणाऱ्याला जमीन मिळते पण पाणी मिळेलच असे नाही. गावठाणातील घराचीही हीच अवस्था. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावात मोजणी होईल तेव्हा घरातले कोणी जाणते माणूस हजर असणे अगत्याचे आहे.

सहा एकरांचे गणित

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थाने स्वकष्टाने सहा एकर जमीन घेतली आणि मृत्युपत्र न करता तो वारला. मागे पत्नी, तीन मुलगे व दोन मुली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सहा वारस, प्रत्येकास एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. पुढच्या पिढीत प्रत्येकाला तीन मुले झाली तर एकेकाच्या वाट्याला तेरा-साडेतेरा गुंठे येतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यासाठी २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला वीस गुंठे व बागायतीला दहा गुंठे असे प्रमाणक्षेत्र ठरले आहे. अलीकडे निवासी व शहरी पट्ट्यांपुरती यात सवलत मिळाली असली, तरी शेतीच्या तुकड्याला ती लागू नाही. म्हणजे दोन पिढ्यांतच ही जमीन वाटण्याच्या पलीकडे जाते. यातून मार्ग दोनच : एक तर जमीन एकत्र ठेवून उत्पन्न वाटून घ्यावे, किंवा एकाने इतरांचे हिस्से रीतसर मोबदला देऊन घ्यावेत.

नेहमी घडते ते तिसरेच. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. माहेरची वाट बंद होऊ नये या भीतीने बहीण सही करते. साडीचोळीवर सारे निभावते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली कायद्याने मान्य केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. सही करणे न करणे हा बहिणीचा प्रश्न आहे. पण आपण काय सोडतो आहोत हे तिला आकड्यात सांगणे, हे भावाचे कर्तव्य आहे. पत्नीच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने २००३ साली 'घर दोघांचे' हे धोरण स्वीकारले. त्यानुसार ग्रामपंचायतीच्या नोंदीत घरावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावता येते. पुरुष परगावी आणि स्त्री गावी, अशी ज्या प्रदेशाची रीत, तेथे या नोंदीचा उपयोग इतरत्र होतो त्याहून अधिक आहे.

पुढे काय

तर मग जमीन ठेवावी की विकावी? आम्ही सरसकट उत्तर देणार नाही. पण शक्यता मांडू. पाण्याची शाश्वती झाली तर डाळिंबाने आटपाडी-सांगोल्यात काय केले हे डोळ्यांपुढे आहे. तेल्या रोगाने त्याच बागा कशा उठवल्या हेही आहे. शेळ्या-मेंढ्यांचा धंदा कोरड्या वर्षातही तग धरतो. पडीक माळाला आता भाडेही मिळू शकते : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत २०२३ साली जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये व दरवर्षी तीन टक्के वाढ असे ठरले. त्यासाठी जमीन वीज उपकेंद्राजवळ हवी आणि नावे निर्वेध हवीत. मुंबई-बंगळूर औद्योगिक मार्गाच्या संदर्भात म्हसवडचे नाव घेतले जाऊ लागल्यापासून दलालांची वर्दळही वाढली आहे. अशा वेळी बाहेरचा माणूस प्रथम त्या वारसाकडे जातो, ज्याला गावाची ओढ उरलेली नाही आणि पैशाची नड आहे. त्याचा एक हिस्सा घेतला की उरलेल्या भावंडांच्या मधोमध एक परका सहहिस्सेदार येऊन बसतो. भूसंपादन झाले तरी मोबदल्याची नोटीस निघते ती कागदावरच्या नावाला.

जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर कूळ लागेल, ही भीतीही आम्हांस ठाऊक आहे. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. त्याची आठवण अजून पुसलेली नाही. त्या भीतीने चांगली जमीन पड ठेवली जाते आणि शेजारी बांध कोरत आत येतो. वर्षाची वर्षाला मोजकी लेखी व्यवस्था, वकिलाच्या सल्ल्याने केलेली, ही पड ठेवण्याहून केव्हाही बरी.

हे प्रश्न आपल्याकडेच आहेत असे नाही. इंडोनेशियाने १९६० साली जमिनीचा मूलभूत कायदा केला, तरी जावातील खेड्यांत अनेक शेतकऱ्यांकडे पिढ्यान्पिढ्या 'गिरिक' नावाचा सारा भरल्याचा कागदच होता. आपल्या नमुना आठचा तो जणू सख्खा भाऊ. २०१७ पासून तेथील सरकार गावेच्या गावे मोजून मालकीची प्रमाणपत्रे देत आहे. त्याच देशातील बाली बेटावर 'सुबक' नावाच्या शेतकरी मंडळ्या शेकडो वर्षे पाट राखून पाळीने पाणी वाटत आल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने त्या व्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जेथे मालकीचा कागद स्पष्ट आणि पाण्याची पाळी सर्वमान्य, तेथे लहान शेतकरी टिकतो, हा धडा तेथूनही मिळतो.

म्हणून आमचे श्रोत्यांना सांगणे साधे आहे. ज्यांचे गाव माणदेशात आहे त्यांनी या वर्षी सात-बारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढावेत. आजोबांपासून आजपर्यंतची वंशावळ कागदावर लिहावी. त्यात मुलींची नावे गाळू नयेत. मोजणी झाली नसेल तर अर्ज करावा. विहिरीची पाळी लेखी करून नोंदवावी. वाटणी संमतीने होत असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे करता येते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडास सारे कुटुंब एकत्र येते. आई हयात आहे, थोरले भाऊ बोलते आहेत, बहिणी माहेरी आल्या आहेत, अशी बैठक दर पिढीला फार वेळा मिळत नाही. त्या चार दिवसांतला एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा.